बेटावरच्या वातावरणाचं गाणं, शूट मात्र ठाणे-नवी मुंबईतच करायचंय, सल्ला हवा

घणसोलीचा_सूर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, जरा लांबेल.

आम्ही चौघं मित्र, दिवसा महापे एमआयडीसीत नोकरी आणि रात्री गाणी, असं चार वर्षं चाललंय. आता एक गाणं पूर्ण झालंय, ३ मिनिटं ४० सेकंदांचं, मराठीतच, उकुलेले, ढोलकी, बास आणि मागे दोघींचे आवाज. दर्यावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी बाई घरातली कामं करता करता गुणगुणतेय असा विषय आहे. मुखडा माझ्या आजीचा, ती दिवाळे कोळीवाड्यातली, सुकट निवडताना ह्याच दोन ओळी घोळवत बसायची, पुढचं तिला कधी विचारलंच नाही कुणी आणि आता ती नाही, म्हणून अंतरे मी बांधले. चाल मात्र बसता बसता अशी बसली की ज्याला ऐकवतो तो म्हणतो अरे हे तर एखाद्या बेटावरचं गाणं वाटतंय, आणि मलाही डोळे मिटले की तेच दिसतं, निळंशार पाणी, माड, पांढरी वाळू, दोन झाडांमध्ये बांधलेला झुला, फुलाफुलांचे शर्ट.

तर व्हिडिओत ते वातावरण पाहिजे. बजेट सगळं मिळून ४५ हजार, त्यात कॅमेरावाला मित्र एक दिवस फुकट येणार. लक्षद्वीप किंवा गोवा जमणार नाही, आठ माणसांचं जाणंयेणंच परवडत नाही. शूट ऑक्टोबरमध्ये, एक किंवा दीड दिवस.

विचारायचंय हे की आपल्या भागात बेटासारखं दिसेल असं ठिकाण कुठलं, आपलं पाणी मातकट आहे ते एडिटमध्ये निळं करता येतं का, आणि ड्रोन लागेलच ना? आणि अजून काही सुचलं तर सांगा, आजीचं गाणं आहे म्हणून नीट व्हावं एवढीच इच्छा.

शटर_पाचपाखाडी

मित्रा, आधी पाण्याचं बोलतो कारण तिथेच सगळे पैसे आणि वेळ घालवतात.

लक्षद्वीपचं पाणी तसं दिसतं कारण तळाला प्रवाळाची पांढरी वाळू असते, पाणी उथळ आणि नितळ, ऊन तळापर्यंत जातं, लाल रंग पाण्यातच शोषला जातो आणि उरलेला निळा-हिरवा पांढऱ्या वाळूवरून परत वर येतो. आपल्याकडे दगड काळा, बसाल्टचा, वर नद्या आणि खाड्या गाळ आणून ओततात आणि भरती-ओहोटी इतकी मोठी की तो गाळ खाली बसायलाच मिळत नाही. हे एडिटमध्ये निळं करायला गेलास की पाण्यासोबत सावल्या निळ्या होतात, ओल्या अंगावर निळी झाक येते, आणि माणसं आजारी दिसतात. मी दोन गाण्यांवर हे करून बघितलंय, दोन्ही वेळा शेवटी परत मूळ रंगावर आलो. खाडीचं पाणी खालून मातकट असतं पण वरून ते आकाशाचा आरसा असतं. कॅमेरा पाण्याच्या जवळ, अगदी वीतभर उंचीवर आण, सूर्य समोर किंवा तिरका ठेव, सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर, तेच पाणी चांदीचं आणि मग तांब्याचं दिसतं. उंचावरून खाली बघितलंस की चिखल दिसणार, म्हणून ड्रोनचा मोह तसाही सोड.

दुसरं, तू बेट लांब कुठेतरी आहे असं धरून चाललायस. होनोलुलू साधारण २१ अंश उत्तरेला आहे आणि आपलं ठाणे १९ वर, म्हणजे आपण हवाईपेक्षा विषुववृत्ताच्या जवळ राहतो! ऊन तेच, दमट हवा तीच, अंगावर चकाकणारा घामही तोच. आणि ठाणे शहर तर साष्टी बेटावरच वसलंय, एका बाजूला खाडी, वरून उल्हास नदी वळून वसईच्या खाडीत जाते, शाळेत नकाशात बघितलेलं असतं पण लक्षात राहत नाही. तुझी आजी बेटांच्या गराड्यातच गाणं म्हणत होती.

ऑक्टोबर चांगला निवडलायस. पावसाने हवा धुतलेली असते, ढगांचे पुंजके अजून असतात, झाडं हिरवी. नोव्हेंबर सरला की धुरकं धरतं आणि आकाश पांढरट होऊन जातं, मग तुझा झुला पण उदास दिसेल. फक्त अकरा ते तीन उघड्यावर चेहरे घेऊ नकोस, ऊन डोक्यावर असतं आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो. त्या वेळात वाडीत घुसायचं, माडाखाली किंवा सुपारीखाली, वर स्किमर, म्हणजे ऊन मऊ करणारं पांढरं कापड, ताणायचा आणि उजेड परतवायला एक थर्माकोल चेहऱ्याच्या खाली. स्किमर नसेल तर धुतलेली पांढरी सुती साडी चालते, मी खरंच वापरलेली आहे, प्रकाश फार मऊ येतो.

झुल्याचं म्हणशील तर आमच्याकडे गाणी येतात त्यातल्या अर्ध्यात झुला असतो. वाट बघणारी बाई झुल्यावर पडून राहील का हे एकदा स्वतःला विचार.

मोरा_बंदर_उरण

दादा गाण्याचा विषय वाचूनच लिहायला बसले. माझे वडील मचव्यावर होते, आई अशीच गुणगुणायची, त्यामुळे मोठं झालं तर समजून घे.

जागा नंतर, आधी पाणी कधी असेल ते बघ. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाला चार साडेचार मीटर पाणी चढतं-उतरतं, कधी त्याहून जास्त. म्हणजे सकाळी जिथे होडी डोलत होती तिथे दुपारी गुडघाभर चिखल. तुम्ही शनिवार-रविवार बघून तारीख ठरवणार, आम्ही तिथी बघतो. हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. घड्याळाच्या वेळेत अर्धा-पाऊण तास पुढे धरायचा, आणि ठरवायच्या आधी टाइड टेबल बघायचंच, पण अंदाज ह्यात येतो.

आता तुझ्या कामाचं काय ते सांगते. तुला संध्याकाळच्या उन्हात तरंगती होडी पाहिजे असेल तर सप्तमी-अष्टमी धर. तेव्हा भांग असतो, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी फार चढत नाही पण फार पळतही नाही, प्रवाहाला ओढ कमी, आणि नवीन माणसं होडीत बसणार असतील तर तेच बरं. ऑक्टोबरात सूर्य सव्वासहाच्या आसपास बुडतो, म्हणजे बरोबर भरल्या पाण्यावर सोनेरी उजेड मिळतो. कोजागिरीच्या आसपास गेलास तर उलटं होईल, संध्याकाळी पूर्ण ओहोटी. खाडीत त्या वेळी नुसता चिखल, पण वाळूच्या किनाऱ्यावर, केळव्याला म्हण किंवा काशीदला, ओल्या वाळूत आख्खं आभाळ उतरतं, त्याचा पण शॉट होतो.

हे एवढं सांगते कारण तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे काही मुलं शूटला आली होती, अमावास्या होती, दुपारी अडीचला त्यांनी होडी बाहेर काढायला लावली. माझा भाऊ नको म्हणत होता. पाणी उतरायला लागलेलं, अर्ध्या तासात होडी रुतली, मुलं कॅमेरे डोक्यावर घेऊन गाळातून चालत आली, एका मुलीचा पाय शिंपल्याने असा कापला की सात टाके पडले. चिखलात शिंपले आणि काचा दोन्ही असतात, अनवाणी कुणाला उतरवू नकोस, शॉट कितीही छान दिसत असला तरी.

होडी भाड्याने घेशील तेव्हा सुकाणूवर तिचा मालकच पाहिजे, लाइफ जॅकेट फ्रेमबाहेर प्रत्येकाच्या हाताशी, आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पाय ठेवून पोज द्यायची नाही. नारळी पौर्णिमेला तिथे हळदकुंकू लावतो आम्ही. कुणी तोंडावर बोलणार नाही पण मनाला लागतं.

आणि दिवाळ्यात तुझ्या आजीचं माहेर आहे ना, मग उरणला कशाला येतोस? ये, चहा देईन, पण त्या गाण्याचं घर तिथे आहे. मामाची नाहीतर कुणा नातेवाइकाची होडी असेलच.

सीवूड्स_सेक्टर४८

ड्रोनचं थोडक्यात. दिवाळे, बेलापूर, उलवे, उरणचा बराच भाग विसरा. नवी मुंबई विमानतळ आता सुरू आहे आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत हिरवा झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येईल असा भाग, नसतोच, परवानगी लागते आणि ती गाण्यासाठी मिळवत बसणं तुमच्या बजेटात नाही. उरणला वर नौदल, बंदर, ओएनजीसी. डिजिटल स्काय ह्या सरकारी ड्रोन साइटचा नकाशा ऑनलाइन आहे, स्वतः बघून घ्या.

फ्लेमिंगोंचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा प्लीज. ते नोव्हेंबरनंतर जमायला लागतात, ऑक्टोबरात तसेही मिळणार नाहीत, आणि ठाणे खाडीचं अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पक्षी उडवून शॉट घेणारे लोक दरवर्षी बघतो आणि पोटात तुटतं. तिवरांच्या मुळांचा क्लोजअप पाहिजे असेल तर काठावरून, झूम लावून. आत शिरून फांद्या वाकवायच्या नाहीत, कांदळवन हे राखीव वन आहे, वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते.

वसईचा_वाडीवाला

माडांसाठी: ठाण्याहून घोडबंदरने वसई गाठा, भुईगाव-गास पट्ट्यात केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या अजून आहेत. माझ्या मते बेटाचा फील समुद्रापेक्षा वाडीत जास्त मिळतो. पाटाचं पाणी, रहाटाची विहीर, केळीच्या पानातून आलेलं हिरवं ऊन. केळवे-माहीमपर्यंत गेलात तर पण वाड्या भरपूर आहेत, फक्त केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, फ्रेममध्ये सुरू आला की बेट जातं आणि सहल येते, कॅमेरा वाडीकडे वळवा.

वाडीवाल्याला आधी जाऊन भेटा, फोनवर नको. पैसे ठरवा, जेवण त्यांच्याच घरी सांगा. पानवेलीत चप्पल घालून जायचं नाही, आमच्याकडे ते पाळतात.

आणि उकुलेलेवरून आठवलं, १८७९ मध्ये मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर होनोलुलूला गेले, त्यांनी सोबत चार तारांचं छोटं वाद्य नेलं, त्यातून उकुलेले झालं. आपल्या वसईतही १७३९ पर्यंत पोर्तुगीजच होते. त्यामुळे ढोलकीशेजारी उकुलेले हे काही जबरदस्तीचं लग्न नाही, बिनधास्त वाजवा.

परतलेला_कोकण्या

मी तीन वर्षं मॉरिशसला होतो, पोर्ट लुईच्या जवळ कामाला, आता कळव्यात. तिथे कोकणातून गेलेल्या लोकांची वस्ती आहे, पिढ्या झाल्या, मराठी बोलणं बरंच सुटलंय पण गणपती बसतात आणि जाखडीचा नाच काही घरांनी अजून धरून ठेवलाय. पहिल्या गणपतीत मी तिथे एका म्हाताऱ्याच्या तोंडून आरती ऐकली, उच्चार सगळे वेगळे, चाल आपली, आणि मला पुढे गाताच आलं नाही, घसाच भरून आला.

तुझ्या उपयोगाचं सांगतो. तिथलं सेगा म्हणून संगीत आहे, २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. रवान नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं मोठं चपटं वाद्य, वाजवायच्या आधी आगीवर तापवतात, आपली हलगी शेकतात अगदी तसं. ठेका सहा-आठचा, आणि आपल्या बऱ्याच कोळीगीतांचा पण सहा मात्रांतच डोलतो, म्हणून तुझी चाल लोकांना बेटावरची वाटत असणार, त्यात नवल नाही. नाचताना पाय जमिनीवरून उचलत नाहीत, वाळूत घासत घासत सरकतात, हालचाल सगळी कमरेत आणि हातांत.

पण ते संगीत गुलामांनी घडवलेलं आहे, आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या माणसांनी, दिवसभराच्या मजुरीनंतर. रिसॉर्टमध्ये ते पर्यटकांसमोर रंगीत घागरे घालून करतात, आणि बाहेरच्यांना तेवढंच दिसतं. मी एका घरगुती कार्यक्रमात बघितलं तेव्हा एक बाई डोळे मिटून गात होती, तिच्यात आणि जात्यावर गाणाऱ्या माझ्या आत्यात मला काही फरक दिसला नाही. म्हणून सांगतो, फुलाफुलांचे शर्ट आणि गवताचे घागरे नको घालू. गाणं विरहाचं आहे ना तुझं? आजीचं लुगडं असेल घरात, तेच काढ. कोळणीच्या लुगड्याइतका रंग कुठल्या शर्टात आहे?

घणसोलीचा_सूर

सगळ्यांचे खूप आभार, तीन दिवस परत परत वाचतोय. मोरा बंदरच्या ताई, तुम्ही म्हणालात त्याप्रमाणे रविवारी मामाकडे गेलो. होडी आहे, निळी-पिवळी, मामा स्वतः वल्हवणार म्हणाला. मामीने पेटीतून आजीचं हिरवं लुगडं काढलं, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, पदराला एका जागी रफू केलेलं आहे, बारीक उभे टाके, जाळं सांधतात तसे. मामी म्हणाली ते तिनेच केलेलं. त्या रफूचा क्लोजअप गाण्यात घेणार हे तिथेच ठरवलं.

झुला काढला. शर्ट काढले. ड्रोन काढला. आता शूटचा पहिला भाग वसईच्या वाडीत, अर्धा दिवस आधी, आणि मुख्य दिवस दिवाळ्याला, अष्टमी धरून. कॅलेंडरमध्ये ती गुरुवारी येतेय, चौघांनी रजा टाकलीय.

दोन शंका. बाईचे काही शॉट स्लो मोशनमध्ये पाहिजेत पण ती गातेय, मग ओठ जुळणार कसे? आणि केसात गजऱ्याऐवजी चाफा माळायचा विचार आहे, आमच्या सोसायटीत पांढऱ्या चाफ्याची दोन झाडं आहेत, उन्हात टिकेल का?

शटर_पाचपाखाडी

स्लो मोशनचं: गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, ती त्या वेगात ओठ हलवेल, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर. एडिटमध्ये २५ च्या टाइमलाइनवर टाकून अर्ध्या वेगाला आणलं की ओठ मूळ गाण्याला जुळतात आणि केस, पदर, पाणी सगळं हळू होतं. फास्ट ट्रॅक बनवताना पट्टी तीच ठेवायची सेटिंग लाव, नाहीतर चिरका आवाज येतो आणि गाणारीला सूर सापडत नाही. सुरुवातीला चार टिचक्या टाक म्हणजे तिला उचलता येईल. आणि तिला तो ट्रॅक आठवडाभर आधी दे, दुप्पट वेगात श्वास कुठे घ्यायचा हे सवयीशिवाय जमत नाही, चेहऱ्यावर घाई दिसते. सगळं गाणं असं करू नकोस, मुखड्याच्या दोन ओळी पुरेत, आजीच्या.

शटर स्पीड ५० फ्रेमला १/१००, उन्हात एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लागेलच, भाड्याने घे. रफूचा शॉट घराच्या दारात घे, बाहेरचा उजेड एका बाजूने आला पाहिजे, टाक्यांची सावली पडली तरच ते टाके दिसतील.

मोरा_बंदर_उरण

लुगड्याचं वाचून बरं वाटलं रे. नेसवायला मामीलाच सांग, आमच्या पद्धतीने नेसायचं तर बाहेरच्या मेकअपवालीला जमणार नाही, आणि होडीत चढताना सुटलं तर पंचाईत.

चाफ्याचं सांगते. पहाटे तोड, अर्धवट उमललेली घे, पूर्ण उमललेली दुपारपर्यंत तपकिरी पडतात. देठातून पांढरा चीक येतो, तो लुगड्यावर पडला तर डाग जात नाही आणि मानेला लागला तर खाज सुटते. तोडल्यावर देठ अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवायचे, चीक थांबतो, मग पुसून ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. सात-आठ फुलं माळायची तर वीस-बावीस ने, दर तासाला बदलावी लागतील. बोटांचा दाब पडला तिथे लगेच डाग धरतो, म्हणून पाकळीला हात न लावता देठाला धरून माळायची.

गुरुवारी चार वाजेपर्यंत धक्क्यावर तयार राहा. पाणी तेव्हा चढायला लागलेलं असेल, माणसं आणि सामान होडीत बसेपर्यंत पाऊण तास सहज जातो. मामाला विचारून डबा सोबत घ्या, परत यायला काळोख होईल.